कादंबरी शिकवा, तुकडे नकोत

राज्य मंडळाच्या बारावीच्या इंग्रजीत कादंबरीला 80 पैकी 16 गुण आहेत. कादंबरीचा इतिहास आहे, प्रकार आहेत, घटक आहेत. ब्रेथवेट, ज्यूल व्हर्न, कॉनन डॉयल अशी दणदणीत नावं आहेत. कादंबरी तेवढी नाही! तिघांचेही नुसते उतारे. कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती यांच्या व्याख्या घोकायच्या आणि पुस्तकाला हात लावायचा नाही, याला साहित्याचं शिक्षण म्हणायचं? ही शुद्ध फसवणूक आहे.

व्हर्नचंच घ्या. 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'चा नायक फॉग मुंबईत उतरतो. त्याचा नोकर पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो आणि चोप खातो. पुढे रेल्वेमार्ग मध्येच संपतो, हत्ती विकत घ्यावा लागतो. बुंदेलखंडात सती जाणारी औदा वाचवली जाते, आणि ती कोण? मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी! पारशी मुलगी आणि सती? हा प्रश्न वर्गात टाका आणि बघा, मुलं कशी तुटून पडतात. व्हर्नने आपला देश किती जाणला, किती रचला, हे ती स्वतः शोधतील. पण पाठ्यपुस्तकात उतारा कुठला? प्रवास संपतानाचा. गिरगावातल्या मुलीने लंडनमधला शेवट वाचायचा, मलबार हिल गाळून.

डॉयलच्या 'द साइन ऑफ फोर'मध्ये 1857च्या धामधुमीत आग्र्यात लुटलेला खजिना आहे, अंदमानातली कैद्यांची वसाहत आहे, अंदमानी माणसाचं किळसवाणं, वंशद्वेषी चित्र आहे. डॉयलला जाब विचारायला याहून चांगली जागा कोणती? पण त्यासाठी अख्खं पुस्तक वाचावं लागतं. रहस्यकथेचा तुकडा नेमणाऱ्या विद्वानांनी कधी रहस्यकथा वाचली आहे का?

कळस मात्र ब्रेथवेटच्या बाबतीत. 'टू सर, विथ लव्ह'मधल्या लंडनच्या शाळेत मुलं दर आठवड्याला शाळेबद्दल, शिक्षकांबद्दल मनातलं बेधडक लिहितात. आणि या मुलांवरची उत्तरं आपली मुलं गाईडमधून पाठ करतात! स्वतःचं मत लिहिलं तर गुण जातील, ही धास्ती.

'वेळ नाही' हे तुणतुणं पुरे. ऑर्वेलची 'ॲनिमल फार्म' (1945) शंभरेक पानांची आहे. आर. के. नारायण यांची 'स्वामी अँड फ्रेंड्स' (1935) नववीतला मुलगाही वाचेल. तिन्ही उतारे काढून टाका, एक कादंबरी लावा, पूर्ण. परीक्षेत पुस्तक जवळ ठेवू द्या आणि विचारा: यातलं तुला काय पटलं नाही? शिक्षकहो, मंडळाची वाट पाहू नका. या जूनमध्ये एक प्रत वर्गात न्या आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागा.