मंदिरातल्या खुर्च्या आणि माझी ट्रेनर



दोन वर्षांपूर्वीच्या दशलक्षण पर्वातली गोष्ट. पूजा आटोपली, सगळ्याजणी उठल्या आणि मी तशीच बसून राहिले. बघणाऱ्यांना वाटलं असेल, हिचं ध्यान लागलंय. खरं म्हणजे मला उठताच येत नव्हतं. शेवटी जाऊबाईंनी हात दिला, दुसऱ्या हाताने मी खांब धरला आणि कशीबशी उभी राहिले. दुसऱ्या दिवशी भिंतीकडच्या रांगेत माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली होती. ज्यांनी ठेवली त्यांनी प्रेमानेच ठेवली. पण मी मोजल्या. माझी धरून अकरा खुर्च्या, आणि त्यांतल्या सहा जणी सत्तरीच्या आतल्या!

माझ्या सासूबाई ऐंशीव्या वर्षी जमिनीवर बसून जेवत आणि कशाचाही आधार न घेता उठत. त्यांना कुठे ट्रेनर होती, असं ह्यांनी मला विचारलंच. नव्हती, कारण जातं होतं, आड होता, पाटा होता, चूल जमिनीवर होती. दिवसातून पन्नास वेळा उठबस व्हायची. आपण ओटा घेतला, मिक्सर घेतला, सोफा घेतला, लिफ्ट घेतली. त्यात चूक काही नाही, पण जो व्यायाम फुकटात होत होता तो गेला आणि त्याच्या जागी आपण काहीच ठेवलं नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, गुडघ्याची झीज थोडी आहे, पण मांड्यांत ताकदच उरलेली नाही. वयाबरोबर स्नायू कमी होतात आणि पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्याने विरळ होतात. म्हटलं, मी रोज चालते की! ते म्हणाले, चालणं हृदयाला चांगलं, स्नायूंना ओझं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनाही हेच सांगतात: आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचाही.

पहिला अनुभव वाईट आला, तोही सांगते. घराजवळच्या एका जिममध्ये नाव घातलं. तिथल्या मुलाने ना रिपोर्ट बघितले, ना औषधं विचारली. दुसऱ्याच दिवशी डोक्यावर वजन उचलायला लावलं आणि तिसऱ्या दिवशी पावडरचा डबा पुढे केला. अष्टमीला माझा उपवास होता. "काही होत नाही आंटी" म्हणत त्याने पायऱ्या चढायला लावल्या आणि मला भोवळ आली. खांदा महिनाभर दुखत होता. पैसे बुडाले ते वेगळेच. चूक माझीही होती, मीही त्याला काही विचारलं नव्हतं.

आताची मुलगी घरी येते. पहिल्या दिवशी तिने काहीच करून घेतलं नाही, नुसती वही काढून बसली. रक्तदाब, गोळ्या, जुनं पडणं, सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "काकू, हात छातीशी धरा आणि खुर्चीवरून उठा-बसा, मी मोजते." तीस सेकंदांत आठ वेळा झालं. माझ्या वयाला बारा तरी व्हायला हवेत म्हणे. तिथून सुरुवात झाली. खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून दंड, टाचा उचलणं, रबरी पट्टा ओढणं. वजन म्हणजे आधी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या, आता तीन किलोचे डंबेल्स. एका पायावर उभं राहायचं असतं तेव्हा मी सेकंद न मोजता मनात णमोकार म्हणते.

आपले नियम तिला मी आधीच सांगितले. सूर्यास्तानंतर जेवण नाही, अंडं नाही, कंदमूळ नाही. ती आपल्यातली नाही, पण तिने वाद घातला नाही. उपवासाच्या दिवशी वजन उचलायचं नाही, हे तीच सांगते. खाण्याचा हिशोब मात्र तिने मला करायला लावला. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे माझ्या साठ किलोंना पन्नास ग्रॅम. माझ्या ताटात त्याच्या निम्मीच भरली. वाटीभर पातळ वरण म्हणजे बरंचसं पाणीच! आता वरण घट्ट असतं, दुपारी ताक, संध्याकाळच्या जेवणात मुगाचा पोळा किंवा पनीर.

काही जणी म्हणतात, देह तर नश्वर आहे, त्याचे एवढे लाड कशाला? मला विचाराल तर हे आपलं सोयीचं वैराग्य आहे. ह्याच देहाने सामायिकाला बसायचं असतं, कायोत्सर्गात स्थिर उभं राहायचं असतं. शिखरजीची वंदना सत्तावीस किलोमीटरची. जिला शक्यच नाही तिने डोलीत जरूर बसावं. पण केवळ आळसाने गमावलेल्या ताकदीचं ओझं डोलीवाल्याच्या खांद्यावर टाकताना अहिंसेचा विचार मनात यायला नको का?

आणि खर्च? मी बी.कॉम. आहे, हिशोबानेच बोलते. दुकानातल्या यंत्राचा घसारा दरवर्षी धरतो, देहाचा कोणी धरत नाही. मग एकदम गुडघ्याच्या ऑपरेशनचं बिल येतं. माझी ट्रेनर आठवड्यातून दोनदा येते, महिन्याचे साडेचार हजार घेते. आम्ही तिघी शेजारणी मिळून करतो, म्हणजे प्रत्येकीला दीड हजार. सुनेच्या जिमला आपण हसत पैसे देतो आणि स्वतःसाठी दीड हजार काढताना अपराध्यासारखं वाटतं. ते वाटणं आता सोडा.

मात्र ट्रेनर पारखून घ्या. शिक्षण कुठे घेतलं ते विचारा. जी आधी तुमच्या तब्येतीचं विचारते, दुखलं की थांबवते आणि डबे विकत नाही, ती चांगली. आयुष्यभर तिच्यावर विसंबायचं नाही. आमची स्वतःच म्हणते, वर्षभराने मी महिन्यातून एकदाच येईन, बाकी तुम्ही करा.

गेल्या पर्वात मी पुन्हा चटईवर बसले. उठताना एक हात अजून जमिनीला टेकावा लागतो, खोटं कशाला सांगू? पण तीस सेकंदांत आता चौदा वेळा उठते. माझी खुर्ची रांगेतून उचलून मी एका नव्वदीच्या आजींना दिली, त्यांना ती खरंच हवी होती.

आज स्वयंपाक झाला की तुम्हीही घड्याळ लावून मोजा. किती झाले ते मला कळवा.