गावचा वळू तपासूनच कळपात सोडावा

मृगाचा पाऊस येण्यापूर्वी कारंजा तालुक्यातील जाणता शेतकरी सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि काही दिवसांनी त्यांपैकी किती उगवले ते मोजतो. ७० पेक्षा कमी दाणे उगवले तर तो बियाणे बदलतो किंवा एकरी प्रमाण वाढवितो. या साध्या परीक्षेस पैसा लागत नाही, आणि ती न केल्यास होणारे नुकसान दुबार पेरणीच्या रूपाने डोळ्यांसमोर उभे राहते. म्हणून ही सवय आता गावोगावी रुजली आहे.

परंतु हाच शेतकरी आपली माजावर आलेली गाय गावच्या वळूस दाखवितो, तेव्हा त्या वळूची परीक्षा झाली आहे काय असा प्रश्न त्याच्या मनास शिवत नाही. वास्तविक एका पिशवीतील बियाणे एकाच शेतात पडते. एका वळूचे बीज मात्र सबंध गावाच्या गोठ्यांत जाते. ज्याची परीक्षा सर्वांत आधी व्हावयास हवी, तोच सर्वांत अधिक दुर्लक्षित राहिला आहे. कामरगाव असो, धनज असो की उंबर्डा बाजार असो, गावचा वळू हा सर्वांचा असतो. आणि जे सर्वांचे असते त्याची काळजी वाहण्यास कोणीच पुढे येत नाही, हा आपला जुना अनुभव आहे. पैदाशीसाठी वापरला जाणारा प्रत्येक नर तपासल्याखेरीज कळपात सोडू नये, आणि ती जबाबदारी एकट्यादुकट्याने नव्हे तर गावाने उचलावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

देखणा वळू म्हणजे निरोगी वळू नव्हे

वळू निवडताना आपण वशिंड पाहतो, शिंगे पाहतो, छाती, खूर, रंग आणि भोवरे पाहतो. हे पाहणे चुकीचे नाही. पण यांपैकी एकही लक्षण त्याच्या वीर्यात जोम आहे की नाही, अथवा त्याच्या जननेंद्रियात रोग दडला आहे की नाही, हे सांगत नाही.

गाई-म्हशींचे दोन रोग मुख्यत्वे समागमातून पसरतात. पहिला ट्रायकोमोनियासिस व दुसरा कॅम्पिलोबॅक्टरचा रोग, ज्यास पूर्वी व्हिब्रिओसिस म्हणत. या दोन्ही रोगांचे सूक्ष्म जीव वळूच्या मुतानाच्या आतील त्वचेच्या घड्यांत वस्ती करून राहतात. वळू खातो, पितो, माजाची गाय ओळखतो आणि तिच्यावर चढतो. त्याला ना ताप येतो, ना वेदना होते. वय वाढते तशा त्या घड्या खोल होत जातात, म्हणून चार वर्षांवरील वळू हा रोग बहुधा कायमचा बाळगतो. गाईची गोष्ट निराळी आहे. तिला तीन-चार महिने फळवणीपासून दूर ठेवल्यास तिचे शरीर बहुतेक वेळा रोग झटकून टाकते. परंतु तोपर्यंत तिच्या पोटातील गर्भ कोवळ्या वयातच मरून जिरलेला असतो, आणि ती कधी नियमित तर कधी अवेळी पुन्हा माजावर येते. शेतकरी म्हणतो, गाय उलटली.

दुखणे वळूचे असते आणि दोष मात्र गाईच्या माथी बसतो, यातील खरा अन्याय हाच होय. दोन-तीन वेळा उलटलेली गाय भाकड ठरते, ती बाजारात जाते, आणि घेणारा तिच्यासोबत रोगही आपल्या गावी नेतो. ज्याच्यापासून रोग आला तो वळू मात्र आखरावर निवांत रवंथ करीत असतो.

घोड्यांच्या पैदाशीने दिलेला धडा

ही गोष्ट केवळ गोवंशाची नाही. घोड्यांच्या पैदाशीतही असेच घडले. सन १९७७ मध्ये इंग्लंडमधील न्यूमार्केट या जातिवंत घोड्यांच्या प्रसिद्ध केंद्रात घोड्या फळेनाशा झाल्या व त्यांच्या गर्भाशयातून स्राव वाहू लागला. शोधाअंती एक नवा जंतू सापडला. तो ज्या नर घोड्यांकडून पसरला त्यांच्यात रोगाचे कोणतेही चिन्ह नव्हते. त्यानंतर तेथील अश्वपालकांनी सरकारी सक्तीची वाट न पाहता स्वतःच नियम घालून घेतला, की दरवर्षी हंगाम सुरू होण्यापूर्वी नर घोड्याच्या जननेंद्रियाचे नमुने तपासावयाचे आणि ते निर्दोष ठरल्यावरच त्यास घोडी दाखवावयाची.

आपल्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचे भोवरे आणि चाल पाहून मोठमोठे सौदे होतात. घोडा असो, वळू असो, रेडा असो की बोकड असो, नियम एकच आहे. नराची पारख डोळ्यांनी करावी, पण त्याची खात्री प्रयोगशाळेने द्यावी.

नुकसानीचा हिशेब

हे नुकसान एका दिवशी होत नाही, म्हणून ते जाणवत नाही. त्याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. गाईचा माज साधारणपणे २१ दिवसांनी परततो. समजा, एका गावात हंगामात ४० गाई एका दूषित वळूस दाखविल्या आणि प्रत्येकीचे केवळ दोन माज वाया गेले. प्रत्येक गाईमागे ४२ दिवस, म्हणजे सर्व मिळून १,६८० दिवस झाले. साडेचार वर्षांहून अधिक काळ एक गाय गोठ्यात बसून कडबा खात आहे, दूध नाही आणि वासरूही नाही, असा याचा अर्थ होतो. कोरडवाहू शेतीत कपाशी किंवा तूर हातची गेली तर घरखर्चाचा आधार दुधावर असतो. तो आधार अशा रीतीने आतून पोखरला जातो.

वीर्यातील दोषाचेही असेच आहे. वळूच्या शरीरात वीर्यबीज तयार होण्यास सुमारे दोन महिने लागतात. वृषणांचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा चार-पाच अंशांनी कमी राहिले तरच हे काम नीट चालते. वैशाखातील वऱ्हाडचे ऊन, लाळ्या-खुरकुताचा ताप, किंवा २०२२ साली राज्यभर पसरलेल्या लंपी त्वचारोगासारखा आजार यांचा परिणाम वळू वरवर बरा झाल्यानंतरही कित्येक आठवडे वीर्यावर राहतो. वळू चढतो म्हणजे गाय फळणारच, हा समज म्हणून सोडून दिला पाहिजे.

सांसर्गिक गर्भपात

तिसरा रोग ब्रुसेल्लोसिस अथवा सांसर्गिक गर्भपात हा होय. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ बर्नहार्ड बँग यांनी १८९७ साली गाभडलेल्या गाईंत याचा जंतू शोधून काढला. यात गाय बहुधा गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गाभडते व वार अडकते. वळूचे वृषण सुजतात आणि तो निकामी होऊ शकतो. नैसर्गिक फळवणीतून हा रोग पसरण्याचे प्रमाण तुलनेने कमी आहे. तो मुख्यत्वे गाभडलेल्या गाईचा गर्भ, वार व स्राव यांनी दूषित झालेल्या चारापाण्यातून पसरतो. पण गावभर हिंडणारा आणि प्रत्येक गोठ्यात तोंड घालणारा वळू या रोगास सहज बळी पडतो, हे विसरून चालणार नाही.

केंद्र शासनाने सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिने वयाच्या कालवडी व पारड्यांना या रोगाची लस आयुष्यातून एकदा टोचली जाते. ही लस नर वासरांना देत नाहीत, कारण त्यांच्या वृषणांस तिच्यापासूनच अपाय होऊ शकतो. म्हणजे कालवडीस लसीचे कवच आहे, वळूस ते नाही. त्याच्या बाबतीत वेळोवेळी रक्त तपासणे हाच काय तो पहारा आहे.

शिवाय हा रोग माणसासही होतो. वार उघड्या हाताने काढणारा, गाभडलेला गर्भ उचलून टाकणारी घरची स्त्री, गाई चारणारा गायकी, कच्चे दूध पिणारे मूल, या सर्वांना त्याचा धोका आहे. वारंवार चढउतार होणारा ताप आणि सांधेदुखी महिनोन्‌महिने माणसाची पाठ सोडत नाही. वळूच्या तपासणीचा प्रश्न असा गोठ्यातून थेट घरात येतो.

काही आक्षेप

कृत्रिम रेतनाची सोय असताना वळूची चिंता कशाला, असे काही सुशिक्षित शेतकरी विचारतात. कृत्रिम रेतन निश्चितच श्रेष्ठ आहे. गोठित रेत तयार करणाऱ्या केंद्रांत नवा वळू किमान ६० दिवस वेगळा ठेवून, क्षय, ब्रुसेल्लोसिस आणि वर सांगितलेले दोन्ही रोग नाहीत याची खात्री करूनच आत घेतला जातो. परंतु म्हशीचा माज मुका असतो व पुष्कळदा रात्री येतो. दूरच्या वाडी-तांड्यावर वेळेवर रेतन होत नाही. आणि दोन-तीनदा रेतन करूनही गाय राहिली नाही की शेवटी तिला वळूकडेच नेतात. याचा अर्थ असा, की गावातील उलटणाऱ्या, म्हणजेच रोगाचा संशय असलेल्या साऱ्या गाई त्या एकाच वळूपाशी येतात. कृत्रिम रेतन वाढले म्हणून गावच्या वळूच्या तपासणीची गरज कमी झाली नाही, उलट ती वाढली आहे.

वळू देवाला सोडलेला असल्यास त्यास हात कसा लावावा, हा दुसरा आक्षेप आहे. या श्रद्धेचा आम्ही आदरच करतो. पण रक्ताचे चार थेंब घेणे व मुतान धुऊन पाणी तपासणे यात देवाचा कोणताही अवमान नाही. गावाच्या गाई वांझ करणारा वळू कोणत्याही देवास प्रिय असेल असे वाटत नाही.

तिसरा प्रश्न खरोखर अवघड आहे. नापास झालेल्या वळूचे करावयाचे काय? राज्यात २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीस बंदी आहे. त्यास गुपचूप बाजारात नेऊन विकणे म्हणजे आपला रोग शेजाऱ्याच्या दारात टाकणे होय. समागमातून पसरणारा रोग असल्यास पशुवैद्याकडून खच्चीकरण करून घेऊन त्यास कामास जुंपता येते. ब्रुसेल्लोसिस असल्यास त्यास वेगळे बांधून पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणेच वागावे. या रोगाची खबर देणे हे २००९ च्या केंद्रीय कायद्यान्वये कर्तव्य आहे. अशा वळूच्या चाऱ्याचा भार एका घरावर न टाकता तो ग्रामपंचायतीने वाटून घेतला, तर रोग लपविण्याचे कारणच उरणार नाही.

गावाने काय करावे

प्रत्येक ग्रामसभेने पुढील गोष्टी ठरवून घ्याव्यात, अशी आमची सूचना आहे.

गावातील पैदाशीच्या सर्व वळूंची व रेड्यांची नोंद ठेवावी. दरवर्षी पोळ्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत त्यांची तपासणी करून घ्यावी. तोवर उन्हाळा ओसरून दोन महिने झालेले असतात, त्यामुळे वीर्याची खरी प्रत कळते, आणि म्हशींचा माजाचा मोठा हंगामही पुढेच असतो.

तपासणीत डोळे, पाय, खूर व वृषण पाहावेत; ब्रुसेल्लोसिससाठी रक्त द्यावे; क्षयाची चाचणी करावी; वीर्य तपासावे. मुतान धुऊन घेतलेले पाणी आठवड्याच्या अंतराने तीनदा तपासावे, कारण एकदा रोग न आढळणे म्हणजे रोग नसणे नव्हे. या काळात वळूस गाईंपासून दूर ठेवावे.

बाहेरून आणलेला वळू तपासणीचा निकाल हाती येईपर्यंत वेगळा बांधावा. नवा वळू शक्यतो तरुण घ्यावा, आणि तीन वर्षांनंतर तो बदलावा, म्हणजे त्याच्याच कालवडी त्याला दाखविण्याचा प्रसंग येणार नाही. गाभडलेल्या आणि वारंवार उलटणाऱ्या गाई वळूस दाखविण्यापूर्वी पशुवैद्यास दाखवाव्यात.

पोळ्याच्या दिवशी आपण बैलास न्हाऊमाखू घालतो, झूल चढवितो आणि पुरणपोळी भरवितो. त्या बैलाचा जन्म ज्याच्यापासून झाला त्या वळूची वर्षातून एकदा तपासणी करणे हाही त्या सणाचाच भाग मानला जावा. पोळ्याच्या तोरणाखाली वळूचे तपासणीपत्र सरपंचांनी सर्वांसमक्ष वाचून दाखवावे. शेतकरी बांधवांनी ही एक प्रथा पाडली, तर येत्या काही वर्षांत गोठ्यातील वासरांची संख्याच तिची उपयुक्तता सांगेल.