‘विशद करा’ म्हणजे इस्कटून सांगा!



दहावीचा विज्ञानाचा पेपर झाला की दरवर्षी आमच्या दारात तेच गाऱ्हाणे ऐकू येते. ‘बाई, सगळं येत होतं, तरी मार्क गेले.’ शाळेतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली, पण सिडकोतल्या आमच्या गल्लीतली मुले अजून वह्या घेऊन येतात. त्यांची सरावाची उत्तरे तपासताना माझे मत पक्के झाले आहे. यांतली बरीच मुले विज्ञानात अडत नाहीत, प्रश्नाच्या शेवटच्या शब्दात अडतात. तो शब्द आपण त्यांना कधी शिकवलेलाच नसतो. या ‘आपण’मध्ये मीही आले.

एका मुलाला ‘वस्तुमान आणि वजन यांतील फरक स्पष्ट करा’ असा प्रश्न दिला होता. त्याने दोन परिच्छेद लिहिले, एकात वस्तुमानाची व्याख्या, दुसऱ्यात वजनाची. दोन्ही अचूक, पण फरक कुठेच नाही. वस्तुमान चंद्रावर नेले तरी तेवढेच राहते, वजन तिथे साधारण एक षष्ठांश होते. एक अदिश, दुसरे सदिश. एक किलोग्रॅममध्ये, दुसरे न्यूटनमध्ये. हे समोरासमोर मांडायचे असते, हे त्याला ठाऊकच नव्हते. ‘दोन्ही तर लिहिलं की!’ असे तो म्हणाला. त्याचे काही चुकले नव्हते.

‘शास्त्रीय कारणे लिहा’ची तऱ्हा निराळी. 40 गुणांच्या पेपरात दोन कारणे लिहायची, प्रत्येकी 2 गुण. विजेच्या बल्बमधील कुंतल टंगस्टनचे का? मुले लिहितात, ‘कारण त्याचा द्रवणांक जास्त असतो.’ आणि लेखणी ठेवतात. अहो, द्रवणांक जास्त असला तर काय झाले? विद्युतधारेमुळे कुंतल तापते, प्रकाश देण्याइतके तापावे लागते, आणि तेवढे तापूनही ते वितळता कामा नये. टंगस्टन 3,400 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, म्हणून तो निवडला. इतके लिहिले तर ते कारण. नुसता द्रवणांक ही झाली माहिती.

आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या शाळांना या शब्दांतला फरक शिकवायला प्रयोगशाळाही नको. मुलांना शहरातल्या पाणचक्कीवर न्या. सहल तर जातेच, पण डबे खाऊन आणि फोटो काढून परत येते. तिथे हौदाच्या काठावर उभे करून सांगा, ‘वर्णन करा.’ म्हणजे जे दिसते तेवढेच: पाणी भिंतीच्या माथ्यावरून हौदात कोसळते आहे, पाण्याच्या जोराने चाक फिरते, चाकाबरोबर जाते फिरते. मग म्हणा, ‘स्पष्ट करा.’ आता डोळ्यांचे काम संपले. लांबच्या डोंगरातले पाणी मातीच्या बंद नळांतून इथवर येऊन वर कसे चढते? उगम उंचावर आहे, नळातले पाणी त्या उंचीचा दाब सोबत घेऊन येते, म्हणून ते चढते. मग ‘अनुमान काढा’: वाटेत नळाला भगदाड पडले तर? एकाच हौदाकाठी तीन शब्द, तीन वेगळी उत्तरे. हा धडा मी स्वतः नोकरीत असताना एकदाही घेतला नाही, हे कबूल करते.

कन्नडकडच्या तांड्यावरून शिकायला आलेल्या एका मुलीने मला विचारले होते, ‘बाई, विशद म्हंजे काय?’ मी म्हटले, ‘इस्कटून सांग.’ ती खळखळून हसली आणि पचनसंस्था तोंडाने घडाघडा सांगून मोकळी झाली. मराठवाड्यातल्या घराघरांत आजी जे रोज म्हणते, ते आपण संस्कृताच्या कपाटात कुलूप लावून ठेवले. सेमी इंग्रजीच्या मुलांचे हाल तर दुहेरी. मराठी, इतिहासाच्या पेपरात ‘स्पष्ट करा’ आणि विज्ञानात ‘एक्सप्लेन’. ही दोन्ही एकच मागणी आहे, हे कोण सांगणार?

काही शिक्षकमित्र म्हणतात, हे परीक्षेचे तंत्र झाले, विज्ञान नव्हे. मला हे मुळीच पटत नाही. निरीक्षण नोंदवणे, कारण शोधणे, तुलना करणे, अनुमान काढणे यांतून विज्ञान घडते, आणि प्रश्नातले शब्द तेच तर मागत असतात. केंब्रिजच्या आयजीसीएसई अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत अशा शब्दांची यादी अर्थासह छापलेली असते. म्हणजे लाखांत फी भरणाऱ्यांच्या मुलांना ‘स्पष्ट करा’चा अर्थ छापील मिळतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाने तो अंदाजाने ओळखायचा! बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकांत ‘जरा डोके चालवा’, ‘करून पहा’ अशा छान चौकटी आहेत. पण स्वाध्यायातल्या आज्ञांचा अर्थ सांगणारे पान मला सापडले नाही. कुणाला सापडले तर जरूर दाखवावे, मी माझे शब्द मागे घेईन.

त्यात प्रश्न नीट वाचायची सवयही मोडली. पूर्वी प्रश्नपत्रिका वेळेआधी 10 मिनिटे हातात पडायची. पेपर मोबाइलवर फिरू लागल्याने 2023 पासून ती सोय बंद झाली आणि 10 मिनिटे शेवटी वाढवून मिळाली. कॉपी रोखायला ते ठीकच. पण पहिली 10 मिनिटे लिहायला मनाई असायची, म्हणून मुले झक मारत प्रश्न वाचायची. शेवटची 10 मिनिटे पुरवण्या बांधण्यात जातात.

माझी मागणी फार खर्चाची नाही. विज्ञानाच्या पुस्तकाच्या दोन्ही भागांत सुरुवातीला एक पान घालावे: दहा-बारा शब्द, प्रत्येकाचा अर्थ, आणि 2 गुणांचे, 3 गुणांचे, 5 गुणांचे एकेक नमुना उत्तर. मराठी, उर्दू, इंग्रजी, सर्व माध्यमांत. नवे पुस्तक येईपर्यंत विभागीय शिक्षण मंडळाने हेच पान परिपत्रकाने शाळांना पाठवावे.

आणि वाचकहो, आज रात्री घरातल्या नववी-दहावीच्या मुलाला एवढेच विचारा: ‘वर्णन करा’ आणि ‘स्पष्ट करा’ यांत फरक काय? जे उत्तर मिळेल, ते स्टेशन रोडवरच्या मंडळाच्या कार्यालयाला पत्राने कळवा.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सिडको, छत्रपती संभाजीनगर