व्हिडिओ अडखळतो म्हणून लॅपटॉप बदलू नका

एका संगणकात दुसरा संगणक चालवणे आता केवळ तज्ज्ञांपुरते राहिलेले नाही. अभियांत्रिकीचे विद्यार्थी विंडोजमध्ये ‘व्हर्च्युअलबॉक्स’ टाकून त्यात लिनक्स शिकतात. पण या आतल्या, आभासी संगणकावर व्हिडिओ लावला की आवाज पुढे जातो आणि चित्र मागे अडखळते. मग सल्ला ठरलेला असतो: ‘लॅपटॉप जुना झाला, नवा घ्या.’ पालकांच्या खिशाला मोठा भुर्दंड पाडणारा हा सल्ला बहुतेक वेळा अनाठायी असतो.

दोष कुठे असतो ते पाहू. फुल एचडी व्हिडिओच्या एका चौकटीत सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू असतात. सेकंदाला ३० चौकटी म्हणजे सव्वासहा कोटी बिंदू. दाबून साठवलेल्या फाइलमधून ते उलगडण्यासाठी ग्राफिक्स चिपमध्ये खास यंत्रणा असते. आभासी संगणकाला मात्र ती सहसा दिसतच नाही. त्याला मिळते सॉफ्टवेअरने उभे केलेले ग्राफिक्स कार्ड. सगळा भार प्रोसेसरवर येतो. एका चौकटीसाठी जेमतेम ३३ मिलिसेकंद हाती असतात. तेवढ्यात काम झाले नाही की चौकट गळते.

यावरचे बरेच उपाय फुकटचे आहेत. आतल्या संगणकात ‘गेस्ट ॲडिशन्स’ बसवा. सेटिंगमध्ये व्हिडिओ मेमरी १२८ एमबी करा, थ्रीडी ॲक्सिलरेशन सुरू करून फरक पडतो का ते पाहा. प्रोसेसरचे दोन-तीन गाभे द्या, पण सगळे नकोत. बाहेरच्या संगणकालाही श्वास घ्यायला जागा हवी. व्हिडिओ ७२० वर आणला की बिंदू निम्म्याहून कमी होतात. खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवे कासव दिसले, तर विंडोजच्या स्वतःच्या ‘हायपर-व्ही’ यंत्रणेमुळे वेग मंदावतो आहे, असे समजा. मात्र विंडोजच्या काही सुरक्षा सोयी तिच्यावर अवलंबून असतात, त्यामुळे ती बंद करण्यापूर्वी जाणकाराला विचारा.

माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा उपाय याहून सोपा आहे: धडा आत गिरवा, त्याचा व्हिडिओ बाहेर पाहा. कंपन्यांच्या आभासी डेस्कटॉपवरही व्हिडिओ बैठकीचे चित्र उलगडण्याचे काम अनेकदा कर्मचाऱ्याच्या समोरच्या संगणकावरच सोपवले जाते.

अर्थात, चारच जीबी रॅम असेल तर सेटिंगने चमत्कार होणार नाही. आभासी संगणकातच व्हिडिओ संपादन करायचे असेल, तर त्याला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड जोडून देणे भाग पडू शकते. पण खरेदीआधी एक चाचणी कराच. तोच व्हिडिओ आधी बाहेर आणि मग आत लावा, दोन्ही वेळा टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा आकडा पाहा. बाहेर तो निवांत आणि आत शंभराला टेकत असेल, तर लॅपटॉप धडधाकट आहे. महाविद्यालयांनी ही चाचणी पहिल्याच प्रात्यक्षिकात शिकवली, तर कित्येक घरांचा खर्च वाचेल आणि चांगली यंत्रे अकाली भंगारात जाणार नाहीत.