एक्यूआय हिरवा दिसतोय, पण प्रिंटरचं काय?

हिवाळा आला की मुंबई-पुण्याची हवा बातम्यांत येते आणि आपण मोबाइलवर एक्यूआय बघायला लागतो. आता बऱ्याच ऑफिसांत भिंतीवरही एक्यूआयची स्क्रीन असते. माझ्या ऑफिसातही आहे आणि बहुतेक वेळा ती हिरवीच असते. तिच्यापासून चार पावलांवर दिवसभर चालणारा लेझर प्रिंटर आहे. त्या प्रिंटरमधून काय बाहेर पडतं, हे ती स्क्रीन सांगू शकत नाही. का, ते बघू.

टोनर म्हणजे शाई नाही, प्लॅस्टिकची बारीक पूड असते. ती कागदावर पक्की बसावी म्हणून फ्यूजर नावाचा रोलर 200 अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. या उष्णतेने टोनर आणि कागदातून वाफा निघतात. त्या थंड होताना त्यांचे अतिसूक्ष्म कण बनतात, 0.1 मायक्रॉनपेक्षाही लहान. इतके लहान कण फुप्फुसात खोलवर जातात. इंकजेटमध्ये हा तापणारा रोलर नसतो, म्हणून तिथे हा प्रश्न फारसा येत नाही.

2007 मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीतल्या लिडिया मोरावस्का आणि सहकाऱ्यांनी 62 प्रिंटर तपासले. त्यातले 17 भरपूर कण सोडणारे निघाले, तर 37 जवळपास काहीच सोडत नव्हते. त्यांनी तपासलेल्या ऑफिसात कामाच्या वेळेत हवेतल्या कणांची संख्या पाच पट होत होती. म्हणजे सगळे प्रिंटर सारखे नाहीत, कुठला घेतो याने फरक पडतो.

मग सेन्सरला हे का दिसत नाही? स्वस्त सेन्सर लेझरचा प्रकाश टाकून कणांवरून तो किती विखुरतो ते मोजतो. साधारण 0.3 मायक्रॉनपेक्षा लहान कण त्याच्या नजरेतून सुटतात. शिवाय पीएम 2.5 हा आकडा वजनाचा आहे. 2.5 मायक्रॉनच्या एका कणाइतकं वजन व्हायला 0.1 मायक्रॉनचे पंधरा हजारांहून जास्त कण लागतात. संख्या प्रचंड वाढली तरी वजनाचा काटा जेमतेम हलतो.

नियमही वजनावरच थांबलेत. भारताची 2009 ची राष्ट्रीय मानकं बाहेरच्या हवेसाठी आहेत, आणि त्यांत कणांच्या संख्येला मर्यादा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितलं, की तासाभराच्या सरासरीत दर घन सेंटीमीटरला 20 हजारांहून जास्त कण असतील तर ते प्रमाण जास्त समजावं. जर्मनीत ‘ब्लू एंजल’ हे लेबल हवं असेल, तर 10 मिनिटांच्या छपाईत 35 हजार कोटी कणांची मर्यादा प्रिंटरला पाळावी लागते. आकडा मोठा वाटेल, पण निदान मोजणी तरी होते. लेबल ऐच्छिक असलं तरी कंपन्या त्यासाठी मशीन सुधारतात.

आपण ऑफिसवाले प्रिंट घेऊन जागेवर परत जातो. खरा प्रश्न कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलाचा आहे. सबमिशनच्या दिवसांत तो सकाळपासून रात्रीपर्यंत दोन-तीन मशीनच्या मध्ये उभा असतो. दुकानात एसी असला तरी स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच थंड करून फिरवतो.

उपाय महागडे नाहीत. प्रिंटर बसायच्या जागेपासून लांब ठेवा आणि त्याच्या मागे एक्झॉस्ट फॅन किंवा उघडी खिडकी असू द्या. सांडलेला टोनर फुंकू किंवा झटकू नका, ओल्या फडक्याने पुसा. एअर प्युरिफायर घेणार असाल तर हेपा फिल्टरचा घ्या. आणि ऑफिससाठी नवा प्रिंटर निवडताना वेग आणि किमतीसोबत तो किती कण सोडतो हेही विचारा. हा प्रश्न गिऱ्हाईक विचारत नाही, तोवर विकणारा स्वतःहून त्याचं उत्तर देणार नाही.