दुर्मिळतेचे मोल

खेळाडूंच्या उपयोगाची मौल्यवान मनगटी घड्याळे जमविण्याचा छंद आता आपल्याकडील सधन घरांतूनही दिसू लागला आहे. कारखानदार मोजकेच नग काढतात, त्यांवर क्रमांक कोरतात आणि दुर्मिळतेची किंमत घेतात.

पूर्वी क्रम उलटा होता. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत. त्यावर उपाय म्हणून १९३१ साली तबकडी पालथी फिरविता येणारे ‘रिव्हर्सो’ निघाले. गरज आधी होती. मोल मागाहून आले.

रोलेक्सच्या ‘डेटोना’ची हकीकत याहून बोधप्रद आहे. मोटारशर्यतींसाठी काढलेल्या या घड्याळाच्या एका निराळ्या तबकडीस प्रारंभी गिऱ्हाइकच मिळेना; म्हणून ती थोडीच निघाली. तसले एक घड्याळ अमेरिकन नट पॉल न्यूमन यांस त्यांच्या पत्नीने दिले व मोटार जपून हाकण्याची सूचना त्याच्या पाठीवर कोरविली. न्यूमन यांनी ते वर्षानुवर्षे वापरले. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्यास पावणेदोन कोटी डॉलरांहून अधिक किंमत आली!

तात्पर्य, ठरवून केलेली दुर्मिळता विकत मिळते. वापराने व मायेने आलेली घरातच वाढते. तिच्यासाठी लिलावास जावयास नको. इंदापूर तालुक्यातील वरकुट्यासारख्या गावीही जावयास लग्नात दिलेले एच. एम. टी. चे घड्याळ एखाद्या पेटीत निघेल. ते कारखाने २०१६ पासून मिटले आहेत. असले घड्याळ मोडीत न घालता चावी देऊन चालते ठेवावे. ते कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगी दिले, याची चिठ्ठी सोबत जपावी. संग्रहाचा आरंभ तेथूनच व्हावा, असे आम्हांस वाटते.