रविवारची कोंबडी आणि बाईचे ताट

मुलचेऱ्याकडे धानाचे चुरणे आटोपून टमाटर स्वस्त झाले, की रविवारी विहारातून आल्यावर कोंबडी करावीच. अर्धा किलो तुकड्यांना हळद, मीठ, आले-लसूण लावून ठेवा. लोखंडी कढईत दोन पळ्या तेलावर २ कांदे लाल करा, तुकडे टाकून मोठ्या आचेवर परता. मग ४ पिकले टमाटर चिरून, तिखट घालून झाकण ठेवा. वेगळे पाणी नको. सुटलेल्या रसातच २५ मिनिटांत शिजते. (गावठी असेल तर दुप्पट वेळ धरा.) वरून सांभार. टमाटराच्या आंबटपणाने कढईतले लोह रश्शात उतरते, बायांच्या रक्ताला ते हवेच. शिजताच मात्र दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर रस्सा काळा पडतो.

आता वाढणे. चांगले तुकडे बाप्याला नि पोरांना, आणि दिवसभर राबलेल्या बाईला मान नि उरलेला रस्सा, ही रीत आम्हांला मुळीच पटत नाही. पत्नीने नवऱ्याची दासी नव्हे, बरोबरीची मैत्रीण व्हावे, असे बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. तेव्हा ताटे सगळ्यांची एकाच वेळी वाढा, आणि तुकडे मोजून.